हुंगलेला हार

सखूआक्का कुठंही झोपायची. कीर्तनात झोपायची, लग्नाच्या पंगतीत पत्रावळीवर भात पडेपर्यंत झोपायची. एकदा परंड्याच्या मोटारीत दांडी धरून उभ्याउभ्या झोपली. कंडक्टरनं "बाई, कुठं जायचं?" म्हणून दांडीवर टकटक केलं, तर डोळे न उघडताच म्हणाली, "देवाच्या गळ्यात." सगळी मोटार हसली. मी तिच्या मागंच उभा होतो, मला तेवढं हसू आलं नाही. ती रोज किती पहाटे उठते ते गावात मलाच ठाऊक होतं. तिचा तुकडा आणि माझं रान एकाच विहिरीवर, आणि माझे बैल मोटेला जुंपायच्या आधी तिची अर्धी पाटी भरलेली असायची.

आमचं गाव सोनारीपासून दीड कोसावर. सोनारीला काळभैरवाचं मोठं देऊळ. आमच्या गावात त्याच देवाचं धाकटं ठाणं, आम्ही भैरोबा म्हणतो. ह्या भैरोबाला रोज उगवतीला एक ताजा हार लागायचा. हार माळ्याच्या घरचा. फूल देवाच्या नावानं दिलेल्या दहा गुंठ्यांतलंच, बाजारचं नाही, रस्त्याकडंच्या कन्हेरीचं नाही. तोडणारा हातही त्याच घरचा. हा दस्तूर कुणी घातला ते कुणालाच माहीत नव्हतं. 'हार तवर तुकडा' एवढंच त्याचं कलम. एक दिवस हार चुकला की दहा गुंठे भाऊकीतल्या दुसऱ्या घरी जाणार. निजामाचं राज्य गेलं, हैदराबादचं सरकार आलं, तेही जाऊन आमचा मुलुख मुंबईला जोडला गेला. कचेरीतल्या खुर्च्या बदलल्या, शाळेतली भाषा बदलली, पण सखूआक्काचं उठणं काही बदललं नाही.

तिचा नवरा गोरोबा म्हणजे उंचापुरा, हसरा गडी. त्याची एक खोड होती, मोट हाकताना बैलांशी गप्पा मारायचा. "का रं सर्जा, काल बाजारात कुणाकडं बघत हुतास?" असलं काहीबाही. एका उन्हाळ्यात मोट हाकता हाकता धावेवरच, म्हणजे बैलांच्या उतारवाटेवर, एका दगडावर बसला. "जरा दम खातो," म्हणाला बैलांना, आणि गेला. बैल तसेच उभे राहिले, भरली मोट ओढून धरून. मीच पळत जाऊन सोडली.

त्या सुतकाच्या दहा दिवसांत मार्तंड गुरवानं देवाला तुळशीची माळ घातली. ते दिवस चुकीत धरत नाहीत. सखूआक्कानं मला पुढं कधीतरी सांगितलं, "भीमा, लगीन झाल्यापासनं तेवढंच दहा दिस म्या हार केला न्हाय. अन् त्याच दहा दिसांत मला झोप आली न्हाय."

त्यालाही अकरा वर्षं होऊन गेली होती. एकुलती लेक गजरा बेंबळीला दिलेली. तिथं जायचं म्हणजे दोन मोटारी बदलायच्या, एक मुक्काम करायचा. आणि मुक्काम तर करता येत नाही. गजराचं पोरगं चालायला लागलं, बोलायला लागलं, पण आजीनं लेकीचं घर बघितलेलं नव्हतं. गजरा आली की म्हणायची, "आई, चार दिस ये गं." सखूआक्का म्हणायची, "येते की." आणि बोलता बोलता भिंतीला टेकून झोपायची.

तिचा धाकटा दीर शंकरप्पा. त्याला तीन पोरं आणि जमीन सगळी माळरानाची, कुदळ मारली की ठिणगी उडावी अशी. माणूस वाईट नव्हता, पण नजर त्या दहा गुंठ्यांवर. दर दसऱ्याला सोनं द्यायला यायचा आणि एकच बोलायचा.

"वयनी, लई थकलात. द्या आता ते आमच्याकडं."

"थकले, भावजी. मेले न्हाय."

"मी कुठं तसं म्हणलं? तुमाला बसून दोन येळची भाकर घालीन."

"ती भाकर तुमच्या बायकूच्या हातची. तिला इचारलं का?"

मग शंकरप्पा आपट्याचं पान तिच्या हातात देऊन निघून जायचा. वयनीला खरोखर विश्रांती हवी होती आणि शंकरप्पाला खरोखर जमीन हवी होती. दोघांचं बोलणं खरंच असायचं, पण जुळायचं नाही. कारण तुकडा दिला तर खायचं काय? त्या वाफ्यांच्या कडेनं लावलेली मेथी, वांगी, चार मिरच्या, हाच तिचा सगळा संसार.

आता फुलाकडं येतो.

मुलुख मुंबईला जोडला त्याच्या दुसऱ्या साली आमच्या गावाला नवा ग्रामसेवक आला. गोपाळकृष्ण त्याचं नाव. पुण्याकडचा, पोरसवदा, सायकलीला पुढं पिशवी आणि पिशवीत बियांची पाकिटं. सुधारलेली शेती, सुधारलेला संडास, सुधारलेली कोंबडी, सगळं त्याच्याकडं सुधारलेलंच. तो सखूआक्काच्या तुकड्यावर आला तेव्हा ती बांधावर डोईखाली खुरपं घेऊन झोपलेली. बिचारा सायकल धरून उभाच राहिला. शेवटी मी विहिरीवरनं हाक मारली.

"आक्का, सरकारी माणूस आलाय!"

"तलाठी हाय का?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

"नाही बाई, ग्रामसेवक," गोपाळकृष्ण म्हणाला.

"सेवक न्हवं का? मंग निजू द्या."

पण तो चिवट होता. खाली बसला, पाकीट काढलं. वर रंगीत चित्र. मधे पिवळा डोळा आणि भोवती जांभळ्या पाकळ्यांची झालर, सूर्यफुलाच्या धाकट्या बहिणीसारखं फूल. "याला ॲस्टर म्हणतात. बाहेरच्या भाषेत त्याचा अर्थ तारा."

सखूआक्का उठून बसली. "तारा? मंग दिवसा कशापायी फुलतंय?"

मी मोट थांबवली. असं बोलणं चुकवायचं म्हणजे पाप.

गोपाळकृष्णानं नेटानं समजावलं. डोंगरातलं अस्सल ॲस्टर वेगळं, बारीक, निळसर. आपल्या हवेला चालतं ते चिनी. त्याच्यात एकेरी, दुहेरी, गोंड्यासारखं, विस्कटलेल्या केसांचं, असे पुष्कळ प्रकार. आणि हे एक फूल दिसतं ना, ते एक नसतंच, प्रत्येक पाकळी एकेक वेगळं फूल आणि मधला पिवळा डोळा म्हणजे तर शेकडो फुलांचा गठ्ठा.

"म्हंजी एक ववलं की शंभर ववल्यागत," आक्का म्हणाली. "हे बरं हाय."

मग त्यानं पिशवीतनं एक पुस्तक काढलं. विलायतेत म्हणे प्रत्येक फुलाला अर्थ असतो, आणि माणसं तोंडानं बोलायच्या ऐवजी फूल पाठवतात. ॲस्टरचा अर्थ धीर. धीर धरणं.

सखूआक्कानं पाकीट त्याच्या हातात परत दिलं. "धीर लई झालाय माझ्यापाशी. दुसरं कुठलं हाय का?"

गोपाळकृष्ण गडबडला. पुस्तकाची पानं उलटत म्हणाला, "आणखी एक आहे. कुठल्याशा देशात लढाईत मेलेल्या शिपायांच्या थडग्यावर हे फूल ठेवतात. तिथं त्याचा अर्थ असा की, हे असं व्हायला नको होतं."

सखूआक्का विहिरीच्या धावेकडं बघत होती. मग तिनं पाकीट परत घेतलं आणि पदराच्या गाठीत बांधलं.

"टाकते कुठंतरी कोपऱ्यात," म्हणाली.

नागपंचमीला माती उकरायची नसते, म्हणून दोन दिवस थांबून तिनं रोप टाकलं. महिन्यानं वरच्या कोपऱ्यात, उंचवट्याच्या तीन वाफ्यांत लावलं. खालची सगळी चांगली जमीन शेवंतीला आणि झेंडूला. गोपाळकृष्ण आठ दिवसांनी एकदा येऊन वाफ्याशेजारी उकिडवा बसायचा, जसं काही ते रोप त्याच्या सासरचं. मी त्याला म्हणालो, "साहेब, तुम्ही बसल्यानं ते लवकर उगवत नाही." तर म्हणाला, "भीमराव, मी त्याच्यासाठी बसत नाही. दुसरीकडं कुणी बसू देत नाही." तोही आपल्या परीनं दमलेलाच होता.

दिवाळीच्या आसपास कळ्या उमलल्या. आणि खरंच सांगतो, आमच्या त्या काळ्या-करड्या शिवारात तसले रंग आधी कुणी बघितले नव्हते. सखूआक्कानं एकेकाला नाव दिलं. एकेरी झालर आणि पिवळा डोळा असलेलं ते 'डोळस'. गच्च, गोल, गोंड्यासारखं ते 'गठुडं'. आणि ज्याच्या पाकळ्या लांब, वळलेल्या, पिंजारलेल्या, ती 'झिपरी'. रंगांनाही नावं ठेवली. जांभळ्याला 'इरकल', कारण तिच्या लग्नातलं इरकल लुगडं त्या रंगाचं होतं. गुलाबीला 'नवरी'. पांढऱ्याला नाव दिलं नाही. पहिलं पांढरं फूल मी विहिरीच्या धावेवर, गोरोबा बसला होता त्या दगडावर ठेवलेलं बघितलं. तिला विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. चार-पाच दिवस ते फूल तिथं तसंच राहिलं, ताजं.

हे ताजं राहणं ध्यानात ठेवा.

त्या साली परतीचा पाऊस नको तेवढा पडला. खालच्या वाफ्यांत पाणी साचलं आणि शेवंतीची मुळं कुजली. वरून हिरवीगार दिसायची, धरून ओढली की नुसती काडी हातात. वरच्या कोपऱ्यातलं आस्टर तेवढं सुकं राहिलं. झेंडूवर रोजचा हार कसाबसा निघत होता. पण कार्तिक वद्य अष्टमी पंधरा दिवसांवर आली होती. त्या दिवशी काळभैरवाचा जन्म, आणि त्या दिवशीचा हार गळ्यापासून पायापर्यंत लागतो.

सखूआक्का मार्तंड गुरवाकडं गेली. मार्तंडबाबा तेव्हा सत्तरीचे. देवाला स्नान घालताना पाणी कोमट आहे का ते आधी स्वतःच्या मनगटावर बघणारा माणूस.

"बाबा, शेवंती गेली. ह्ये नवं फूल चालंल का?"

"आणून दाव. बघून सांगतो."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिनं अकरा फुलं निवडून दुरडीत घातली आणि निघाली. आता आमच्याकडची एक गोष्ट तुम्हांला ठाऊकच असेल. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. ते उष्टं. पोरंठोरं देवाचं फूल तोडतानासुद्धा नाक लांब धरतात. पण हे फूल अनोळखी. वेशीपाशी सिताबाई भेटली, "अगं बया, काय गं ह्ये?" म्हणून उचललं आणि लावलं नाकाला. "वास न्हाय की गं सखू!" पुढं पारावरची माणसं. एकेकानं उचललं, नाकाला लावलं, "आरं, खरंच न्हाय की." ज्याला त्याला स्वतःच खात्री करून घ्यायची. अकरा फुलं अकरा नाकांना लागली. बारावा माणूस पुढं आला तर हुंगायला फूल उरलं नव्हतं, त्यानं हुंगलेलंच पुन्हा हुंगलं.

देवळात पोचली तर मार्तंडबाबांनी हात मागं घेतला. "समद्या गावानं हुंगलंय. म्या हातात कसं घिऊ?"

सोमवारी तिनं रस्ता बदलला. तिकडनं मेंढरं घेऊन येणारा बिराप्पा भेटला. त्यानं हुंगलं, मेंढराला हुंगवलं.

मंगळवारी तिनं दुरडीवर ओलं फडकं घट्ट बांधलं आणि मधे कुणी बोललं तर नुसती मान हलवत थेट देवळात. बाबांनी फूल उलटंपालटं करून बघितलं. हात लांब धरून, नाक बाजूला करून.

"देखणं हाय," म्हणाले. "पण पोथीत न्हाय. वास न्हाय म्हंत्यात. बिनवासाचं फूल देवाला..." आणि थांबले. चाळीस वर्षं पूजा केलेल्या माणसाला नाही म्हणणं जड आणि हो म्हणणं त्याहून जड. "अष्टमीला असंल ते आण. तवा बघू."

शंकरप्पा तिथंच दर्शनाला आलेला. सगळं ऐकून गेला.

अष्टमीच्या आदल्या दिवशी सोनारीची वानरं आली. सोनारीला त्यांचा मोठा मान, पण तिथं कंटाळली की आमच्याकडं पाहुणी येतात. दुपारी मी जेवायला घरी गेलो होतो. परत येतोय तर झेंडूचा एक गेंद शिल्लक नाही, उरल्या त्या नुसत्या हिरव्या कळ्या. सखूआक्का वाफ्याच्या मधोमध बसलेली, हातात काठी, पण काठी आडवी.

"हाकललं न्हाईस?" मी विचारलं.

"उठवलं न्हाय, भीमा. झोप लागली हुती." मग म्हणाली, "आस्टराला हात लावला न्हाय त्यांनी. दोन तोडली, हुंगली अन् टाकून दिली. वानरांनीबी हुंगलं बघ."

मला हसू फुटलं. तिलाही फुटलं, पण निम्म्यावरच थांबलं. "भावजीला निरोप धाड," ती म्हणाली. "दिऊन टाकते तुकडा. आता न्हाय उठवत."

मी निरोप पाठवला नाही. खोटं सांगत नाही, मला तिच्या तुकड्याची जेवढी काळजी, तेवढीच माझ्या करमणुकीची. शंकरप्पा शेजारी आला असता तर विहिरीवर बोलायचं कुणाशी? मी म्हणालो, "आक्का, अष्टमीला काय असंल ते आण म्हणालेत बाबा. आहे ते ने. नाही म्हणू देत त्यांच्या तोंडानं. तू आपल्या तोंडानं कशाला म्हणतेस?"

तिनं आडवी काठी बांधाला उभी केली. त्याच दिवशी ऊन खाली झाल्यावर बघतो तर वरच्या कोपऱ्यात वाकलेली. तिन्ही वाफे मोकळे केले तिनं. अंबाडीच्या धाग्यात एक डोळस, एक गठुडं, एक झिपरी, असा हार ओवला. जांभळा, गुलाबी, जांभळा, गुलाबी. पांढरी फुलं सगळी शेवटी, देवाच्या पायापाशी येतील अशी. दिवेलागणीला हार पुरा झाला. ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं तो पाटीत ठेवला आणि पाटीवर हात ठेवून झोपली.

अष्टमीला उगवतीला देऊळ भरलेलं. मंडपात पाय ठेवायला जागा नाही. शंकरप्पा आधीच पायरीवर उभा. त्याच्या हातातही झाकलेली पाटी. परंड्याच्या बाजारातनं पिवळी शेवंती आणून बायकोपोरांनी हार केलेला. तुकड्यातलं फूल नव्हतं ते, पण त्याचा हिशेब सरळ होता: हिचा हार परत आला की हार चुकला, चुकला की तुकडा आपला, आणि तुकडा आपला झाला की आपल्या हाराला कोण नाही म्हणतो?

सखूआक्का आली. फडक्याची गाठ सोडली नव्हती. गर्दीतनं वाट काढत गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी गेली, तिथं गाठ सोडली आणि हार दोन्ही हातांनी मार्तंडबाबांच्या हातांवर ठेवला.

बाबा बघतच राहिले. समईच्या उजेडात तो जांभळा-गुलाबी हार हातभर खाली लोंबत होता. आणि मग काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पंधरा दिवस गावभर एकच बोलणं चाललेलं, वास नाही, वास नाही. म्हाताऱ्याच्या मनात ते घर करून बसलेलं. बाबांचे हात आपोआप वर गेले, मान खाली आली आणि त्यांनी हार हुंगला.

मंडपातल्या सगळ्या माना बाबांकडं वळल्या.

बाबांच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. मग त्यांचा चेहरा असा झाला की जसं देवाच्या अंगावर पाय पडला.

"हुंगला!" शंकरप्पा ओरडला. "बाबांनी हुंगला! चालत न्हाय आता त्यो हार. चुकला!"

सखूआक्का उंबऱ्याच्या बाजूला टेकली होती. तिनं मान वर केली. आवाज चढवायची ताकद नव्हती, पण मंडप इतका गप्प होता की सगळ्यांना ऐकू आलं.

"बाबा, तुमच्या हातात दिला तवा हार चांगला हुता का न्हाय?"

"हुता," बाबा म्हणाले. 

"दिस उगवायच्या आत दिला का न्हाय?"

"दिलास, सखू."

"मंग माझं काम झालं. फुडचं तुमचं अन् देवाचं."

माणसांत कुजबुज झाली. कुणीतरी "खरं हाय" म्हणालं. शंकरप्पा मात्र मागं हटणारा नव्हता. "ऱ्हाऊ द्या. वयनीचं काम झालं तर झालं. पण देवाला जन्माच्या दिशी उघडं ठिवणार का? ह्यो घ्या, न हुंगलेला." आणि त्यानं आपल्या पाटीवरचं फडकं ओढलं.

शेवंती ती. रात्रभर झाकून ठेवलेली. फडकं निघालं आणि वासाचा असा लोट सुटला की मागं खांबापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा "वा!" केलं. सगळा मंडप घमघमला.

सखूआक्का म्हणाली, "भावजी, तुमचा हार तर समद्या गावानं हुंगला की."

एक क्षण कुणालाच कळलं नाही. मग सिताबाई हसली, आणि तिच्यामागं सगळा मंडप. मागं एकानं घाईघाईनं नाक दाबलं. त्याला शेजारचा म्हणाला, "आता दाबून काय उपेग? गेला की आत!" शंकरप्पा पाटी हातात धरून तसाच उभा. मला त्या घटकेला त्याची कीव आली. रात्रभर त्याच्या बायकोनं बोटं दुखवून ओवलेला हार तो.

मार्तंडबाबा मात्र हसले नाहीत. हातातल्या हाराकडं बघत होते. सावकाश म्हणाले, "मला वास आला न्हाय."

"काय म्हणता बाबा?"

"म्या हुंगला, पर मला काय मिळालं न्हाय. देवाच्या वाटचं म्या काय घेतलं?" ते देवाकडं वळले. "काय असंल ते समदं त्याचंच हाय अजून."

आणि त्यांनी हार भैरोबाच्या गळ्यात घातला. बरोब्बर पायापर्यंत आला. पांढरी फुलं पावलांवर टेकली. शंकरप्पाचा हार त्यांनी स्वतः जाऊन त्याच्या हातातनं घेतला आणि गाभाऱ्याच्या चौकटीला बांधला. "तिथनं देवाला वास येईल," म्हणाले. शंकरप्पानं मान खाली घातली, पण त्याच्या पोरांनी चौकटीकडं बघून एकमेकांना कोपर मारलं. ते समाधान काही कमी नव्हतं.

मी पुढं होऊन म्हणालो, "जिंकलीस की गं आक्का!"

"व्हय रं," ती म्हणाली. "म्हंजी उद्या परत उठायचं आलं."

हे बाबांच्या कानावर पडलं. म्हातारा तिच्यासमोर पायरीवर बसला. "सखू, चूक माझ्या हातनं झाली. दंड सांग."

"दंड?" सखूआक्कानं डोळे चोळले. मग गाभाऱ्याकडं बघत म्हणाली, "बाबा, निर्माल्य कशाला म्हंत्यात?"

"देवाच्या अंगावर सुकलं ते निर्माल्य."

"न्हाय सुकलं तर?"

बाबा विचारात पडले. रोजचा हार रोज उतरवायचा कारण तो रोज सुकतो, असंच आजवर चाललेलं. न सुकणाऱ्या हाराचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"न्हाय सुकलं," ते सावकाश म्हणाले, "तर ताजंच म्हणायचं."

"मंग ह्यो हार सुकंपतुर उतरवू नगा. तेवढाच दंड."

गाव आता रोज सकाळी देवाच्या आधी हाराचं दर्शन घ्यायला जाऊ लागलं. शंकरप्पा तर दिवसातनं दोनदा. पहिला दिवस गेला, हार तसाच. दुसरा गेला, तसाच. गोपाळकृष्ण सायकलीवरनं आला, गाभाऱ्यात डोकावला आणि मला म्हणाला, "पाण्यात ठेवलं तर आठवडाही टिकतं." मी त्याला म्हणालो, "साहेब, हे देवाला सांगू नका, हारालाही रोज आंघोळ घालायला लावेल."

आम्हांला सगळ्यांना वाटलं, सखूआक्का आता बेंबळीला लेकीकडं जाणार. माझी बायको तर शिदोरीची भाकरी घेऊन गेली. आक्का घोंगडीवर आडवी, नुसतं तोंड बाहेर.

"गजरीकडं गेलं की तिथं पाव्हणी," ती म्हणाली. "पाव्हणीला लवकर उठावं लागतंय. फुडच्या साली जाईन." आणि पुढच्या सालापासून दर कार्तिकात ती बेंबळीला जाऊ लागली, देवाला चार दिवस आस्टराच्या हारावर सोडून. पण ह्या पहिल्या साली ती फक्त झोपली. पहिल्या दिवशी भाकरी खायलासुद्धा उठली नाही. तुकड्यावर पहिल्यांदाच कुणी नव्हतं. मी मोट हाकताना उगाच तिकडं बघायचो, आणि शेवटी बैलांशीच बोलायला लागलो.

चौथ्या दिवशी सकाळी मार्तंडबाबांनी मला बोलावलं. हाराच्या मधोमध एक झिपरी मान टाकून लोंबत होती. बाकी सगळी फुलं तशीच. बाबा संकटात. "एक सुकलंय, भीमा. आता सांगावं का तिला?"

मी गेलो. दार नुसतं लोटलेलं. आत ऊन पार घोंगडीपर्यंत आलेलं. मी दारातनंच हाक मारली, "आक्का, बाबांनी निरोप धाडलाय. हारातलं फूल सुकलं."

घोंगडी हलली. आतनं आवाज आला, "किती सुकली?"

"एक."

"एकच न्हवं? मंग अजून उजाडलं न्हाय," ती म्हणाली आणि कूस बदलली.